तळ्यातला मासा पाणी पीत नाही

तलाव भरू लागले की आमच्या लाखांदूर भागात दोन कामांची घाई एकदमच उडते. बांधीत रोवणी सुरू होते आणि तलावात मत्स्यबीज सोडले जाते. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि गावोगावच्या बोड्या हे भंडारा जिल्ह्याचे जुने वैभव. त्यांतली मासेमारी बहुतेक करून ढिवर समाजाच्या हाती. रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली आणायची, हळूहळू तलावाच्या पाण्याची सवय करून द्यायची आणि सोडायची, हे काम दिसते तितके सोपे नाही. वाटेतच निम्मा माल मरून जाऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी एका बोडीच्या पाळीवर उभा होतो. माझा एक जुना रुग्ण, सत्तरीच्या घरातला मच्छीमार, ॲल्युमिनियमच्या गुंडात बोटुकली घेऊन दुसऱ्या गावी निघाला होता. निघण्याआधी त्याने कागदाच्या पुडीतून मूठभर जाडे मीठ काढले आणि गुंडातल्या पाण्यात विरघळवले. ही गोड्या पाण्यातली पिल्ले, त्यांना मीठ कशाला? मी विचारले.

“साहेब, मीठ नसलं तं मासोरी वाटंतच ढिली पडते,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला. “मानसाचंबी तसंच हाये ना. तुमाले तं ठाऊकच आहे.”

मला ठाऊक होते. कसे ठाऊक झाले, ते पुढे सांगतो. आधी त्या मिठाचे गणित पाहू.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळाने तळाशी पाणी सुटते. उलट, चणे साध्या पाण्यात रात्रभर ठेवले की टपोरे फुगतात. दोन्हीकडे नियम एकच. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना क्षारांचे प्रमाण वेगळे असेल, तर पाणी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे सरकते. याला आम्ही परासरण म्हणतो. आता रोहूकडे पाहा. त्याच्या रक्तातले क्षार साधारण लिटरला आठ-नऊ ग्रॅम मिठाइतके. तलावाच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅमही नसतात. म्हणजे रोहू हा आयुष्यभर साध्या पाण्यात भिजत पडलेला चणा आहे.

त्याची कातडी, खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर पाणी बऱ्यापैकी अडवतात. पण कल्ले कसे अडवणार? कल्ले म्हणजे माशाची फुप्फुसेच, आणि ती उघडी पाण्यात धरलेली. पाण्यातला प्राणवायू घ्यायचा तर कल्ल्याचा पडदा पातळच हवा आणि त्याचे क्षेत्रफळही मोठे हवे. जो पडदा प्राणवायूला वाट देतो, तो पाण्यालाही थोडीफार देतोच. त्यामुळे रोहूच्या अंगात कल्ल्यांवाटे रात्रंदिवस पाणी शिरत राहते आणि त्याचे मीठ बाहेर पाझरत राहते.

म्हणून तळ्यातला मासा पाणी पीत नाही. घासाबरोबर जाईल तेवढेच, मुद्दाम जवळजवळ नाहीच. तोंड उघडतो-मिटतो ते कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी. घशाखाली उतरवण्यासाठी नव्हे. आत शिरलेले पाणी त्याचे मूत्रपिंड सतत उपसते. गोड्या पाण्यातले कित्येक मासे दिवसभरात आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून जास्त लघवी करतात. साठ किलोच्या माणसाने रोज सहा लिटर करावी, तसे. ही लघवी अगदी पाण्यासारखी असते, कारण मूत्रपिंड त्यातले मीठ शक्य तितके परत ओढून घेते. तरीही थोडे जातेच. तेवढे अन्नातून येते, आणि उरलेली तूट कल्ल्यांतल्या खास पेशी भरून काढतात. तलावाच्या पाण्यात जे नाममात्र मीठ असते, तेच या पेशी कणाकणाने उचलून रक्तात भरतात. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९३० च्या दशकात हे दाखवून दिले. त्यापूर्वी इतक्या अळणी पाण्यातून कोणी मीठ वेचू शकेल यावर सहज विश्वास बसला नसता.

आता गुंडातल्या पिल्लांचे काय होते? जाळ्यात ओढताना अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. पिल्ले घाबरतात, श्वास वाढतो, कल्ल्यांतून रक्त जोराने वाहू लागते. घाबरलेल्या माशाला प्राणवायू जास्त हवा, आणि तो मिळवण्याच्या नादात मीठही जास्त गळते. दाटीवाटीच्या प्रवासात दोन-चार तास हे चालले की पिल्लू ‘ढिले पडते’. पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ घातले की आतल्या-बाहेरच्या खारटपणातला फरक कमी होतो, गळती मंदावते, पाणी उपसण्याचे ओझेही हलके होते. मत्स्यशास्त्राची पुस्तके आज हेच सांगतात. त्या म्हाताऱ्याला ते कोणी वाचून दाखवले नव्हते.

आता माझी गोष्ट. त्याच्या दोन वर्षे आधीचा मे महिना. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि रात्रीही भिंती तापलेल्या. मी तेव्हा ज्या सरकारी रुग्णालयात होतो, तिथे या गृहस्थाला मुलाने खाटेवर घालून आणले. दोन दिवसांपासून काहीबाही बोलतो, मुलाला ओळखत नाही, उठवले तर तोल जातो. घरच्यांना वाटले लकवा. शेजाऱ्यांना वाटले बाहेरचे काही. हातापायांची शक्ती दोन्हीकडे सारखी होती. ताप नव्हता. साखर बरी होती. सोडियम तपासायची सोय त्या वेळी तिथे नव्हती, म्हणून नमुना बाहेर पाठवला. संध्याकाळी आकडा आला ११२. तो असायला हवा १३५ ते १४५ च्या दरम्यान.

मग मी त्याचा जुना कागद मागितला. रक्तदाबासाठी लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : मीठ बंद, पाणी भरपूर. अक्षर माझे होते.

त्याने माझे म्हणणे तंतोतंत पाळले होते. जेवण आधीच कमी, भात आणि अळणी वरण. दिवसभर उन्हात घाम, त्यातही मीठ जाणार. वरून गोळी लघवीतून मीठ काढत होती. आणि तहान लागो न लागो, डॉक्टरांनी सांगितले म्हणून तो तांब्यामागून तांब्या साधे पाणी पीत होता. या वयात मूत्रपिंडाची जास्तीचे पाणी टाकण्याची ताकदही घटते, त्यात ही गोळी ती आणखी घटवते. रक्त हळूहळू पातळ होत गेले आणि नियमाप्रमाणे पाणी पेशींमध्ये शिरू लागले. बाकीचे अवयव थोडे फुगले तर निभते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. माणूस आधी सुस्त होतो, मग असंबद्ध बोलतो, पुढे झटके येतात. त्याने सांगितल्याबरहुकूम वागून जवळजवळ जीव गमावला होता.

इथे घाईही घातक असते. सोडियम खूप दिवस कमी राहिले असेल तर मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून कसेबसे जुळवून घेतात. अशा वेळी बाहेरून एकदम मीठ चढवले तर त्या आक्रसतात आणि कायमची इजा होऊ शकते. म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर आकडा चढू द्यायचा नाही. गोळी बंद केली, पाणी मोजून दिले, मीठ बेताबेताने वाढवले. चौथ्या दिवशी त्याने मुलाला नावाने हाक मारली. मी पलंगाजवळ बसून सगळे समजावून सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुमीच तं सांगतलं होतं, मीठ सोड अन् पानी पी.” एवढेच म्हणाला. बोडीच्या पाळीवरचे ते हसू या वाक्याचे होते.

मासे हे मीठ-पाण्याचे कोडे किती वेगवेगळ्या रीतींनी सोडवतात, हे मी त्यानंतरच नीट वाचले. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला मूत्रपिंड शिकवताना मासा क्वचितच येतो. खरे तर यायला हवा, कारण मूत्रपिंडाबद्दल आपल्याला जे कळले, त्यातले बरेचसे माशांनी शिकवले आहे.

समुद्रातल्या माशाची अडचण नेमकी उलटी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. बांगडा किंवा पापलेट यांच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे हा मासा मीठ लावलेल्या काकडीसारखा. चहूकडे पाणीच पाणी आणि अंगातले पाणी मात्र सतत ओढले जाते. तो काय करतो? समुद्र पितो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० साली हे सिद्ध केले. त्यांनी समुद्राच्या पाण्यात एक लाल रंग मिसळला, आणि तो रंग माशांच्या आतड्यात साठलेला सापडला. पाणी शोषले गेले होते, रंग मागे राहिला होता.

प्यायलेल्या पाण्याबरोबर मीठही आत येणार. ते कुठे टाकायचे? मूत्रपिंडाला ते जमत नाही, कारण माशाचे मूत्रपिंड रक्तापेक्षा खारट लघवी करू शकत नाही. ते काम पुन्हा कल्लेच करतात, फक्त उलट्या दिशेने. १९३२ मध्ये केंब्रिजला दोन संशोधकांनी वाम जातीच्या माशाच्या कल्ल्यांत मीठ बाहेर फेकणाऱ्या पेशी दाखवल्या. त्यातले एक विल्मर आणि दुसरे ॲन्सेल कीज. होय, पुढे आहारातली चरबी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांच्या अभ्यासाने जगभर गाजले तेच कीज. ज्यांच्या नावाने आम्ही रुग्णांना तूप कमी करायला सांगत आलो, त्यांचे आरंभीचे एक मोठे काम माशाच्या मिठावर होते, याची मला मोठी गंमत वाटली.

समुद्री माशाची लघवी अगदी थोडी. काही जातींच्या मूत्रपिंडात तर रक्त गाळणारी चाळणीच नसते. गाळायला पाणी नाही, तर चाळणी कशाला? अशाच एका माशावर बाल्टिमोरच्या ई. के. मार्शल यांनी १९२० च्या दशकात प्रयोग केले. चाळणी नसूनही तो मासा नको असलेले पदार्थ लघवीत टाकत होता. मूत्रपिंडातल्या नलिका स्वतःहूनही पदार्थ बाहेर टाकतात की नाही, हा त्या काळचा मोठा वाद होता. तो मिटायला त्या माशाची मदत झाली. आज आम्ही पेनिसिलिनचा डोस किती वेळाने द्यायचा हे ठरवतो, त्यामागे हे ज्ञान आहे.

माणसाने समुद्राचे पाणी का पिऊ नये, हेही इथेच कळते. आपले मूत्रपिंड माशापेक्षा सरस आहे. ते रक्ताच्या चौपट दाट लघवी करू शकते. पण त्या लघवीतही मिठाचे प्रमाण समुद्रापेक्षा कमीच राहते. म्हणून समुद्राचा एक पेला प्यायला तर त्यातले मीठ टाकायला एका पेल्याहून जास्त पाणी खर्च होते. आपल्याकडे कल्ले नाहीत.

मुशीची, म्हणजे शार्क कुळातल्या माशांची, तऱ्हा तिसरीच. त्या पाणी फारसे पीत नाहीत. आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात, इतका की आतला दाटपणा समुद्राच्या बरोबरीला येतो आणि पाणी ओढले जाण्याचा प्रश्नच मिटतो. माणसाच्या रक्तात युरियाचा आकडा साधारण १५ ते ४०. तो दोनशेवर गेला की आम्ही डायलिसिसचे बोलू लागतो. मुशीचा आकडा याच मापाने दोन हजारांच्या आसपास असतो आणि ती ठणठणीत पोहत असते. युरियाने प्रथिने बिघडू नयेत म्हणून तिच्या अंगात दुसरे एक रसायन राखणीला असते. मेल्यावर मात्र जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. मुशी ताजी नसेल तर नाकाला झोंबणारा वास येतो, तो याचाच. आमच्याकडे समुद्राचा मासा आठवडी बाजारात सुका होऊन येतो, त्यामुळे हा अनुभव कोकणातल्या वाचकांनी पडताळून पाहावा.

जास्तीचे मीठ टाकायला मुशीच्या आतड्याच्या शेवटी बोटाएवढी एक ग्रंथी असते. मीठ वाहून नेणारे जे प्रथिन तिच्यात ठासून भरलेले असते, त्याचे जनुक १९९४ साली पहिल्यांदा याच ग्रंथीतून वेगळे काढले गेले. त्याच घराण्यातले प्रथिन आपल्या मूत्रपिंडातही आहे. हृदय कमजोर झाल्याने ज्यांच्या पायांवर सूज येते, त्यांना आम्ही फ्युरोसेमाइडची, म्हणजे लॅसिक्सची गोळी देतो. ती नेमके हेच प्रथिन अडवते. गोळी घेऊन तासाभरात लघवीला पळणाऱ्या आजोबांचे मुशीशी असे नाते आहे.

एकाच आयुष्यात दोन्ही पाण्यांत राहणारे मासे सगळ्यांत अवघड काम करतात. आमच्या तालुक्याच्या कडेने वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्या मुखातून पावसाळ्याच्या पुरात हिलसा मासा अंडी घालायला नदीत चढतो. तेलुगू मुलखात नदीत आलेल्या हिलसाला पुलसा म्हणतात, आणि मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा अशी तिकडची म्हण आहे. धवलेश्वरमला आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केलेला बंधारा त्याच्या वाटेत आडवा आला, आणि त्याचा प्रवास तिथेच आखडला. आपल्या रायगड जिल्ह्यातला जिताडा उलट दिशेने जातो. जन्म खाऱ्या पाण्यात, वाढ खाडीत आणि गोड्या पाण्यात, अंडी घालायला पुन्हा खाऱ्या पाण्याकडे. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यातल्या तळ्यांत तो पाळतात, ते याच लवचीकपणामुळे.

अशा माशाला दोन-चार दिवसांत सगळी यंत्रणा उलटी फिरवावी लागते. मीठ टाकणाऱ्या पेशींच्या जागी मीठ वेचणाऱ्या पेशी, पाणी पिणे बंद, मूत्रपिंड जोरात. हा हुकूम संप्रेरके देतात. येल विद्यापीठातल्या ग्रेस पिकफोर्ड यांनी १९५९ मध्ये दाखवले की, पीयूषिका ग्रंथी काढलेला किलीफिश गोड्या पाण्यात मरतो, पण त्याला प्रोलॅक्टिन टोचले तर जगतो. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारे संप्रेरक. माशाला कुठले दूध? त्याच्याकडे त्याचे काम मीठ धरून ठेवण्याचे. खाऱ्या पाण्याच्या तयारीसाठी कॉर्टिसोल लागते, तेही आपल्याकडे आहेच.

समुद्री मासा आतड्यातून पाणी शोषतो, त्यात एक खुबी आहे. पाणी आपणहून आत जात नाही. आतड्याच्या पेशी आधी मीठ ओढतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. आपल्या आतड्याचेही तसेच, फक्त आपल्याकडे मिठाला आत नेणारा जोडीदार ग्लुकोज असतो. जुलाबाने आतडे थकलेले असतानाही ही जोडी आत जाऊ शकते, यावर ओ.आर.एस. उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले.

त्या मच्छीमाराच्या प्रसंगापासून माझ्या कागदावरची एक ओळ बदलली आहे. रक्तदाबवाल्यांना मीठ कमी करा असे आजही मी सांगतोच, दिवसाला चहाचा एक सपाट चमचा पुरे, आणि हा लेख वाचून कोणी लोणच्याची बरणी जवळ ओढू नये. पण ‘मीठ बंद’ लिहीत नाही. ‘पाणी भरपूर’ही लिहीत नाही. तहानेप्रमाणे, असे लिहितो. उन्हात रोजगार हमीवर किंवा तेंदूपत्त्याच्या कामावर जाणाऱ्याने नुसत्या पाण्यावर दिवस काढू नये. ताक, अंबील, मीठ घातलेली पेज यांतले काहीतरी सोबत असावे. जुलाब झालेल्या लेकराला ओ.आर.एस.ची पुडी बरोबर एक लिटरमध्ये कालवावी, थोडी थोडी पेल्यात नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा. लघवी जास्त करणारी गोळी चालू असलेला म्हातारा माणूस उन्हाळ्यात अचानक बरळू लागला, तर लकवाच असेल असे धरून बसू नये. तडक रुग्णालयात न्यावे आणि सगळ्या गोळ्या, कागद सोबत न्यावेत. त्यावर अक्षर कोणाचे आहे हे डॉक्टरलाही पाहू द्यावे.

त्या सकाळी पिल्ले सोडायला मीही त्याच्याबरोबर गेलो. दुसऱ्या गावच्या तलावावर त्याने गुंड पाण्यात अर्धा बुडवून ठेवला आणि ओंजळीने तलावाचे पाणी आत घालत बसला. एकदम ओतत नाहीत, म्हणाला, हळू हळू. अर्धा तास गेला. मग गुंड कलता केला तेव्हा पहिले काही क्षण पिल्ले कडेलाच घुटमळली, आणि नंतर एकेक करून गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. त्याने गुंडाच्या तळाशी पाहिले. चार मेलेली होती. “चार म्हंजे काहीच नाही,” म्हणाला, आणि गुंड धुवायला बसला.